अथेन्समध्ये जन्मलेलं मूल ‘अथेन्सचं’ कधी होत असे?

इ.स.पू. 348च्या सुमारास अथेन्सच्या न्यायालयात दोन सावत्र भावांचा खटला चालला. भांडण जमिनीचं नव्हतं, नावाचं होतं. फिर्यादी मांटिथिअसचं म्हणणं असं, की हे माझ्या आजोबांचं नाव, वडिलांनी ते मला दिलं. या सावत्र भावाचं नाव बोइओटोस, तरी त्यानं गावच्या नोंदवहीत स्वतःला ‘मांटिथिअस’ म्हणून लावून घेतलंय. फिर्यादीचं भाषण प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिसनं लिहून दिलं होतं आणि ते आजही वाचायला मिळतं. त्यातले प्रश्न अगदी व्यवहारी आहेत. एका बापाची, एका गावची, एकाच नावाची दोन माणसं असली, तर लढाईवर जायचं बोलावणं कुणाला आलं असं धरायचं? दंड झाला तर भरायचा कुणी? पदासाठी चिठ्ठी निघाली तर त्यावर बसायचं कुणी?

त्यामागची हकीकत जास्त बोलकी आहे. वडील मांटिआस राजकारणातले. प्लांगॉन नावाच्या बाईची दोन मुलं आपली आहेत हे ते कबूल करत नव्हते. मुलं मोठी झाली आणि त्यांनी दावा लावला. तेव्हा आतल्या आत तोड निघाली. प्लांगॉनला 30 मिना, म्हणजे 3,000 द्राख्मा द्यायचे. लवादासमोर मांटिआस तिला शपथ घ्यायला सांगतील आणि तिनं नकार द्यायचा, म्हणजे दावा पडेल. ऐन वेळी तिनं शपथ घेतली. दोन्ही मुलं मांटिआसचीच, असं सर्वांसमक्ष सांगून मोकळी झाली. मग मांटिआसना दोघांनाही आपले म्हणून नोंदवावं लागलं. ही अर्थातच फिर्यादीची बाजू आहे. पण असा डाव रचला जाऊ शकतो आणि तो उलटूही शकतो, हे ऐकणाऱ्या पंचांना अशक्य वाटलं नसणार.

प्राचीन ग्रीसमधलं बालपण समजून घ्यायचं तर खेळणी आणि शाळा यांच्या आधी हा खटला वाचावा, असं मला वाटतं. मूल जन्माला आलं की ते आपोआप घराचं, कुळाचं, नगराचं होत नसे. त्याला टप्प्याटप्प्यानं आत घेतलं जाई आणि दर टप्प्याला कुणीतरी उभं राहून ‘हे आमचं’ असं सांगावं लागे. ज्यांच्यासाठी तसं सांगणारं कुणी नव्हतं, त्यांचं बालपण फार वेगळं होतं.

ग्रीस तेव्हा एक देश नव्हता. शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती आणि प्रत्येकाची रीत निराळी. लिहिलेलं सगळ्यात जास्त उरलं ते अथेन्सचं, म्हणून पुढचं बरंचसं इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकातल्या अथेन्सविषयी आहे.

मुलगा झाला की दाराला ऑलिव्हच्या फांद्यांची माळ लागे, मुलगी झाली की लोकर. लोकर म्हणजे तिच्या पुढच्या आयुष्यातलं काम, सूत आणि माग. पाचव्या किंवा सातव्या दिवशी बाळाला उचलून घरातल्या चुलीभोवती फिरवत. या विधीला अँफिड्रोमिया म्हणत. ज्या घरांना परवडे ती दहाव्या दिवशी आपल्या बारशासारखा समारंभ करत, नातलग जमत, बळी दिला जाई आणि नाव ठेवलं जाई. पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव. दोन भाऊ एका नावासाठी न्यायालयात का गेले ते इथे कळतं. आजोबांचं नाव मिळणं म्हणजे थोरलेपण मिळणं, आणि थोरलेपण कुणाचं हाच त्यांचा खरा वाद होता.

चुलीभोवतीची ती फेरी होण्याआधी बाळ घरात ठेवायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बापाचा होता. नको असलेलं मूल घराबाहेर नेऊन सोडलं जाई. ते कुणी उचललं तर बहुधा गुलाम म्हणून वाढे. असं किती वेळा होई याबद्दल अभ्यासकांत पूर्वीपासून मतभेद आहेत आणि कुणीही आकडा सांगितला तर तो जपूनच घ्यावा. अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, 1930च्या दशकात उत्खनन करताना एका विहिरीत सुमारे साडेचारशे अर्भकांची हाडं निघाली, सोबत दीडशेच्या आसपास कुत्र्यांची. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. साथ आली असेल, कत्तल झाली असेल, असे अनेक तर्क झाले. पुढे हाडांचा नीट अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की बहुतेक बाळं जन्मून जेमतेम काही दिवस झालेली होती आणि नैसर्गिक कारणांनी गेलेली होती. बऱ्याच जणांच्या कवटीच्या आत मेंदूज्वराच्या खुणा होत्या. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळांना रीतसर दफन मिळत नसे, म्हणून ती तिथे टाकली गेली असावीत.

पण याचा अर्थ बाळ गेल्याचं कुणाला काही वाटत नव्हतं असा लावणं मला पटत नाही. एजियन समुद्रातल्या अस्तिपालिया बेटावर लहान मुलांची एक वेगळी दफनभूमी सापडली आहे. तिथे अडीच हजारांहून जास्त बाळं पुरलेली आहेत, प्रत्येक बाळ एकेका मातीच्या रांजणात. रांजणाला बाजूनं भोक पाडायचं, बाळाला आत ठेवायचं आणि भोक परत झाकायचं. इतक्या कष्टानं, इतक्या पिढ्या, एकाच जागी. आणि अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीतला अँफारेतीचा दगड पाहिला की शंकाच उरत नाही. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या शिळेवर एक बाई बसलेली आहे, डाव्या हातावर कपड्यात गुंडाळलेलं बाळ, उजव्या हातात त्याच्यासमोर धरलेला पक्षी. वर कोरलंय: हे माझ्या लेकीचं लाडकं मूल. आम्ही दोघं डोळ्यांनी सूर्याचा उजेड पाहत होतो तेव्हा मी याला मांडीवर घेत असे, आता मीही मेलेली आणि हे मेलेलं मूल माझ्याजवळ आहे. आजीचं हे बोलणं चोवीसशे वर्षांनी वाचतानाही घसा दाटतो.

तीन वर्षांचं मूल म्हणजे जगलेलं मूल. वसंतातल्या अँथेस्टेरिया उत्सवात नवी दारू उघडली जाई, आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षातल्या मुलांच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवत. त्या दिवसाशी जोडलेले इवलेसे कुंभ मोठ्या संख्येनं सापडले आहेत. त्यांच्यावर रांगणारी गुबगुबीत मुलं, त्यांच्या छोट्या गाड्या, कुत्री, बदकं, गळ्यात ताइतांची माळ. यातले बरेचसे मुलांच्या थडग्यांत सापडले.

घरातल्या वस्तूंवरून मुलांचा वावर स्पष्ट दिसतो. अगोऱ्याच्या संग्रहालयात मुलांना शी-शूसाठी बसवायची मातीची उंच खुर्ची आहे, इ.स.पू. सहाव्या शतकातली. समोर पाय बाहेर काढायला भोक, आणि एका रंगवलेल्या भांड्यावर तशाच खुर्चीत बसलेलं मूल आईकडे हात करतंय. हातपाय हलणाऱ्या मातीच्या बाहुल्या कोरिंथमध्ये घाऊक बनत. मेंढ्याबकऱ्यांच्या घोट्याची हाडं घेऊन मुलं सागरगोट्यांसारखे आणि फाशांसारखे खेळ खेळत. ॲरिस्टॉटल राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात शिक्षणाचा विचार करता करता खुळखुळ्याकडे वळतो: आर्किटासचा खुळखुळा ही चांगली युक्ती, कारण मुलं त्यात रमली की घरातल्या वस्तू फोडत नाहीत, लहान पोराला स्वस्थ बसणं जमतच नाही. इतक्या मोठ्या तत्त्वज्ञाच्या लेखणीतून आलेलं हे वाक्य मला फार आवडतं. त्याच्या घरात मूल होतं हे त्यातून कळतं.

घराबाहेरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे आपातुरिया. शरद ऋतूत तीन दिवस चालणारा हा उत्सव फ्राट्रियांचा. फ्राट्रिया म्हणजे भाऊबंदकी म्हणता येईल असा घराण्यांचा गट, ज्याची वही, वेदी आणि देव सामाईक असत. तिसऱ्या दिवशी बाप मुलाला घेऊन जाई, बळी देई आणि शपथ घेई, की हे मूल माझ्या लग्नाच्या अथेनियन बायकोपासून झालेलं आहे. इतरांना हरकत घेता येई. हरकत घ्यायची असेल त्यानं वेदीवरचा बळी बाजूला काढायचा. इ.स.पू. 451मध्ये पेरिक्लीसनं आणलेल्या कायद्यानं आई आणि बाप दोघंही अथेनियन असणं नागरिकत्वासाठी सक्तीचं झालं, तेव्हापासून या शपथेला फार वजन आलं. न्यायालयातल्या एका भाषणात फ्रास्टोर नावाच्या माणसाची हकीकत येते. त्यानं बायकोला परकी ठरवून घराबाहेर काढलं होतं. पुढे आजारपणात तिच्या मुलाला त्यानं आपलं मानलं, पण मुलाची नोंद करायला गेल्यावर कुळातल्या लोकांनी शपथ घ्यायचं आव्हान दिलं. फ्रास्टोरनं शपथ घेतली नाही, आणि मुलगा बाहेरच राहिला. यात मुलाचा काय दोष, हा प्रश्न कुणी विचारल्याचं त्या भाषणात दिसत नाही.

सहासात वर्षांचा मुलगा शाळेत जाऊ लागे. अथेन्समध्ये सरकारी शाळा नव्हत्या. फी घेणारे खाजगी गुरुजी होते, आणि शिकणं तीन जणांकडे वाटलेलं असे: एक अक्षरं आणि हिशेब शिकवणारा, दुसरा तंतुवाद्य आणि गाणं शिकवणारा, तिसरा कुस्ती आणि व्यायाम शिकवणारा. मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकदार काडीनं लिहायचं. ज्यांना अजून वळण आलेलं नाही त्यांना गुरुजी रेघा आखून देत, असं प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात येतं. अक्षरं आली की होमर पाठ करायचा. पाठ चुकला की मार. वाकडं लाकूड सरळ करावं तसं मुलाला धाक आणि फटके देऊन सरळ करतात, असं तिथे प्रोटागोरस सहज सांगतो. त्यातच तो आणखी एक गोष्ट बोलून जातो, जी त्या काळाची खरी मर्यादा सांगते: श्रीमंतांची मुलं सगळ्यात लवकर शाळेत जातात आणि सगळ्यात उशिरा सोडतात.

घरापासून गुरुजींपर्यंत मुलाबरोबर एक गुलाम असे, पेडागोगोस. वाद्य आणि पाटी धरायची, रस्त्यात लक्ष ठेवायचं, वागणं सांभाळायचं, हे त्याचं काम. प्लेटोच्या ‘लिसिस’ या संवादात सॉक्रेटिस व्यायामशाळेत एका मुलाशी गप्पा मारतो. हर्मिसचा सण आहे, मुलं घोट्याच्या हाडांनी एकी-बेकी खेळताहेत. सॉक्रेटिस लिसिसला विचारतो, की तुझ्या आईवडिलांचा तुझ्यावर जीव आहे ना? मग शर्यतीचा रथ हाकू देतात? नाही, त्याला पगारी सारथी आहे. तुझ्यावर हुकूम कुणाचा चालतो? या पेडागोगोसचा. म्हणजे गुलामाचा? हो, आमच्याच घरच्या. आणि आईच्या मागाला हात लावू देते का ती? त्यावर लिसिस हसून सांगतो, की हात लावला तर मार बसेल. नागरिकाचा मुलगा, उद्याचा मतदार, आणि आज तो गुलामाचं ऐकतोय. या विसंगतीवर प्लेटोनं नेमकं बोट ठेवलंय. संवाद संपतो तोही असा, की अंधार पडत आलाय, पेडागोगोस मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओरडून मुलांना घरी चला म्हणताहेत आणि सॉक्रेटिसचा प्रश्न अर्धवट राहतो.

शाळा किती पसरल्या होत्या हे आपल्याला कळतं ते बहुतेक अपघातांमुळे. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इ.स.पू. 494च्या सुमारास किऑस बेटावर छप्पर कोसळलं, अक्षरं शिकणारी 120 मुलं आत होती, वाचलं एकच. त्याच शतकाच्या सुरुवातीला अस्तिपालियाचा मुष्टियोद्धा क्लिओमीडीस याचा ऑलिंपियात हातून प्रतिस्पर्धी मारला गेला, विजय नाकारला गेला, आणि दुःखानं वेडा होऊन त्यानं गावी परत येऊन शाळेचा खांब पाडला. आत साठएक मुलं होती. इ.स.पू. 413मध्ये थ्रेसियन भाडोत्री सैनिक बिओशियातल्या मिकालेसस या लहानशा गावात पहाटे घुसले. तिथल्या सगळ्यात मोठ्या शाळेत मुलं नुकतीच येऊन बसली होती आणि त्यांनी सगळ्यांना कापून काढलं. हे सैनिक अथेन्सनं बोलावलेले, आणि रोजचा एक द्राख्मा परवडत नाही म्हणून अथेन्सनंच परत धाडलेले. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा सेनापती होता, तरी त्यानं हे लपवलं नाही, आणि अथेन्स-स्पार्टाच्या या युद्धातली इतकी आकस्मिक आणि भयंकर आपत्ती दुसरी नाही असं तो लिहितो. ‘तिथल्या सगळ्यात मोठ्या’ या तीन शब्दांमुळे एवढ्याशा गावात एकाहून जास्त शाळा होत्या हे आपल्याला कळतं.

एक चांगली आठवणही आहे. इ.स.पू. 480मध्ये पर्शियन सैन्य आलं तेव्हा अथेन्सच्या कित्येक बायकामुलांना समुद्रापलीकडच्या ट्रीझेन गावात आसरा मिळाला. चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की ट्रीझेनकरांनी ठराव केला: प्रत्येकाला रोज दोन ओबोल, म्हणजे दोन लहान नाणी, खर्चाला द्यायचे, मुलांना कुणाच्याही बागेतली फळं तोडू द्यायची, आणि मुलांच्या गुरुजींचा पगार गावानं भरायचा. निर्वासितांना काय काय लागेल याची यादी करताना फळं आणि गुरुजी आठवणारं गाव मला थोर वाटतं.

ज्यांच्यासाठी कुणी ठराव केला नाही अशा मुलांचा आवाज जवळजवळ उरलेला नाही. म्हणून अगोऱ्यातल्या एका विहिरीत सापडलेलं शिशाच्या पत्र्यावरचं पत्र फार मोलाचं आहे. इ.स.पू. चौथं शतक. लेसिस नावाचा मुलगा आई आणि झेनोक्लीस यांना कळवतो, की मी या ओतशाळेत मरतोय, दुर्लक्ष करू नका, माझ्या मालकांकडे या आणि माझ्यासाठी दुसरं काही बरं बघा. मला फार वाईट माणसाच्या हाती दिलंय. चाबकानं मारतात, बांधून ठेवतात, मातीमोल वागवतात, आणि हे वाढतच चाललंय. लेसिस गुलाम होता की काम शिकायला ठेवलेला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पत्र त्यानं स्वतः लिहिलं की कुणाकडून लिहून घेतलं, हाही प्रश्न आहे. पण अथेन्सच्या कांस्य मूर्तींसमोर उभं राहताना भट्टीजवळचा हा मुलगा माझ्या मनातून जात नाही. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याचा एक कायदा होता, की ज्या बापानं मुलाला धंदा शिकवला नाही त्याला म्हातारपणी पोसायची मुलावर सक्ती नाही. गरीब घरांत बालपण म्हणजे बहुधा हेच, हातात येणारा धंदा.

मुलींसाठी वाट आखूड होती. सूत, माग, घर, धाकटी भावंडं. अक्षरओळख काहींना होती. भांड्यांवर पोथीची गुंडाळी वाचणाऱ्या स्त्रिया दिसतात. ॲरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’ या नाटकात बायका अभिमानानं सांगतात, की सातव्या वर्षी अथेनाची सेवा केली, दहाव्या वर्षी देवीसाठी धान्य दळलं, मग ब्राउरॉनला ‘अस्वल’ झालो, पुढे मिरवणुकीत टोपली धरली. अथेन्सच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ब्राउरॉन इथे आर्टेमिस देवीचं स्थान होतं, आणि लग्नाच्या वयाआधी काही मुली तिथे सेवेला राहून देवीसाठी अस्वलं होत. तिथल्या लहान भांड्यांवर मुली धावताना दिसतात, मोकळ्या केसांनी, उघड्यावर. घराबाहेरचं इतकं मोकळं धावणं अनेकींना पुन्हा मिळालं नसेल.

लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, नवरा बहुधा तिशीचा. झेनोफनच्या एका संवादातला इस्कोमाकस बायकोबद्दल सांगतो, की ती माझ्याकडे आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि तोवर तिनं कमीत कमी पाहावं, ऐकावं, विचारावं अशाच पद्धतीनं तिला वाढवलं होतं. लग्नाआधी मुली आपली खेळणी देवीला वाहत. एका छोट्या ग्रीक कवितेत तिमारेता आपली डफली, आवडता चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडेसुद्धा आर्टेमिसला देते. लग्नाआधीच गेलेल्या मुलीचं काय, याचं उत्तर फ्रासिक्लेइयाच्या पुतळ्याखाली आहे. इ.स.पू. 550 ते 540च्या सुमारास घडवलेला हा पुतळा 1972मध्ये आत्तिकातल्या मेरेंदा इथे मातीखालून निघाला, लाल वस्त्राचा रंग अजून शाबूत. हातात न उमललेलं कमळ. ती म्हणते, मला कायम कुमारीच म्हटलं जाईल, लग्नाऐवजी देवांनी माझ्या वाट्याला हे नाव दिलं.

स्पार्टाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. सातव्या वर्षी मुलगा घरातून टोळीत जाई, बाराव्या वर्षानंतर वर्षाला एकच वस्त्र मिळे, निजायला युरोटास नदीकाठचे बोरू हातानं मोडून आणावे लागत, उपाशी ठेवून चोरी करायला लावत आणि पकडलं गेलं तर फटके मिळत. नवजात बाळं वडीलधारे तपासत आणि अशक्त बाळ टायगेटस डोंगराखालच्या दरीत टाकत, हे मुख्यतः प्लुटार्क सांगतो, आणि तो त्या काळानंतर पाचसहाशे वर्षांनी लिहीत होता. ती दरी मानल्या गेलेल्या जागी सापडलेली हाडं मोठ्या माणसांची आणि किशोरांची आहेत, तान्ह्यांची नाहीत. शिवाय एका पायानं अधू असलेला आगेसिलाओस याच टोळीत वाढला आणि इ.स.पू. 400च्या सुमारास स्पार्टाचा राजा झाला. मुलींना मात्र तिथे धावणं आणि कुस्ती शिकवत आणि लग्न अथेन्सपेक्षा उशिरा होई.

अथेन्समध्ये अठराव्या वर्षी शेवटची मोठी तपासणी होई. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात ती तपशीलवार आहे. मुलगा आपल्या डीममध्ये, म्हणजे गावाच्या वहीत, नाव लावायला येतो. गावकरी शपथ घेऊन मत देतात: वय पुरं झालंय का, आणि तो स्वतंत्र, कायदेशीर जन्माचा आहे का? वय कमी वाटलं तर परत मुलांत पाठवतात. जन्माबद्दल विरुद्ध मत पडलं तर त्याला न्यायालयात जाता येतं, पण तिथे हरला तर नगर त्याला गुलाम म्हणून विकतं. अठरा वर्षं ज्या घरात वाढला त्या घरचा मुलगा एका निकालानं बाजारात उभा राहू शकत होता.

मत बाजूनं पडलं की पुढची दोन वर्षं लष्करी शिक्षणाची. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ती नीट बांधून दिलेली दिसतात: आधी देवळांची फेरी, मग पिरिअस बंदरावर पहारा, धनुष्य, भाला आणि दगडफेकी यंत्राचं शिक्षण, रोज चार ओबोल भत्ता. दुसऱ्या वर्षी नाट्यगृहात लोकांसमोर कवायत करून नगराकडून ढाल आणि भाला मिळे. या तरुणांची शपथ अकार्नाय इथल्या दगडावर कोरलेली सापडली आहे. पवित्र शस्त्रांना कलंक लावणार नाही, शेजारी उभ्या असलेल्याला सोडून पळणार नाही, मायभूमी मिळाली त्याहून लहान करून पुढे देणार नाही. साक्षीला देव आहेतच, आणि त्यांच्याबरोबर देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर आहेत.

ज्यांचे बाप लढाईत गेले त्यांना नगर सरकारी खर्चानं वाढवी. वयात आल्यावर डायोनिससच्या मोठ्या उत्सवात नाटकं सुरू होण्यापूर्वी पूर्ण शस्त्रास्त्रं चढवून त्यांना नाट्यगृहात आणत आणि दवंडी देणारा बापाचं नाव घेऊन सांगे, की नगरानं यांना वाढवलं, आता यांना आपल्या वाटेनं जाऊ देत आहे. वीस वर्षांचा झाला की मुलगा सभेत बसून हात वर करू शके. पंच म्हणून निवाड्याला बसायला किंवा नगरपरिषदेवर जायला मात्र त्याला तिसावं वर्ष उजाडावं लागे.